बांबूची मूठ का चिरते?

प्रश्न : मिटत्या चाकूला बसवलेली कोरीव बांबूची मूठ रिव्हेटपाशी चिरली. उपाय काय?

उत्तर : बांबूचे तंतू लांबीच्या दिशेने समांतर धावतात आणि त्यांना आडवे जखडणारे फारसे काही नसते, म्हणून पात्याचा ताण थेट मुठीवर आला की ती उभी फाटते. यास्तव माणगा किंवा मानवेल यांसारखा भरीव, जून बांबू हिवाळ्यात तोडून सावलीत पूर्ण वाळवावा. आतून दोन्ही बाजूंस पितळी पत्रा बसवून रिव्हेटचा भार त्यानेच पेलावा अशी तजवीज करावी. आणि मुठीचे बहुतांश बळ बाहेरच्या कठीण थरात एकवटलेले असल्यामुळे नक्षी उथळच कोरावी. चिरलेली मूठ सांधत बसू नये. नवी घडवणेच इष्ट.