कुत्र्याला शेंगदाणे द्यावेत का?

"गुरुजी, मोत्या दोन दिवस भाकरीला तोंड लावीत नाही. जरा बघता का?" शेजारचे तात्या सकाळीच दारात आले.

मी गेलो. मोत्या अंगणात पडून होता. ओठ वर करून पाहिले, तर हिरड्या पिवळ्या.

"त्याला काय खायला घातलंत?"

"पावसात शेंगा भिजल्या होत्या. कुबट दाणे माणसानं खाण्याजोगे नव्हते. म्हणून त्याच्यापुढं टाकले."

चूक इथेच झाली. चांगला, बिनमिठाचा दाणा कुत्र्याला विषारी नाही. सोलून दोन-चार दिले तर काही होत नाही. जास्त दिले तर तेलाने पोट बिघडते. काजूचेही तसेच. बेदाणे, मनुका मात्र कधी देऊ नका. त्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होते. प्रसादाच्या पुडीतही ते असतात!

बुरशीच्या दाण्याची गोष्ट निराळी. शेंग ओली राहिली, की तिला हिरवट-पिवळी बुरशी धरते. ही बुरशी विष तयार करते. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. नाव अवघड आहे, ध्यानात नाही राहिले तरी चालेल. हे विष यकृत नासवते. बकऱ्याची कलेजी म्हणतो ना, तेच यकृत. दाणे धुतले, भाजले, तरी विष पुरते जात नाही.

१९७४ साली राजस्थानात बांसवाडा आणि गुजरातेत पंचमहाल या भागांत अवकाळी पावसाने मका भिजला. बुरशी आलेला तो मका लोकांनी खाल्ला. त्यांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले. १०० वर माणसे दगावली. घरचेच अन्न खाणाऱ्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला.

हे ऐकून तात्या गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "त्यातलेच बरे दिसणारे दाणे आम्ही कुटासाठी ठेवलेत."

सूनबाईंनी डबा आणला. झाकण काढताच कुबट वास आला. घरात दोन लहान मुले! तात्या म्हणाले, "गाईला घालू का?" मी म्हटले, "नको. विष दुधात उतरतं." शेवटी खड्डा खणून सगळे दाणे पुरले.

मोत्याला गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सलाईन लावले. पण उशीर झाला होता. चौथ्या दिवशी तो गेला.

आता तात्या शेंगा उन्हात कडकडीत वाळवतात. एकेक उचलून कानाशी हलवतात. आत दाणा खुळखुळ वाजला, तरच पोते भरतात.