डस्टर नको सर, नवीन पान!

मराठी विभागासाठी लिहायची ही माझी पहिलीच वेळ. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, त्या पोटात घाला. विषय मात्र सगळ्यांच्या रोजच्या बघण्यातला आहे, वर्गातला डिजिटल बोर्ड.

आधी खरं काय ते सांगते. सेकंड इयरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये माझी केटी लागली. लेक्चर्स मी बुडवली नव्हती. सर चांगलं शिकवायचे आणि तास संपला की बोर्डाची पीडीएफ ग्रुपवर यायची. म्हणून मी वहीत काही उतरवलंच नाही! परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलवर फाइल उघडली तर प्रत्येक गणिताची फक्त शेवटची आकृती. मधल्या पायऱ्या सरांनी पुसून त्याच जागी पुढचं लिहिलेलं. फाइलमध्ये राहतं ते शेवटी पानावर उरलेलं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

केटीचा अभ्यास करता करता मग ह्या बोर्डाचाही थोडा अभ्यास केला. कॅनडातल्या स्मार्ट टेक्नॉलॉजीज कंपनीने पहिला स्मार्ट बोर्ड १९९१ मध्ये आणला. आपल्याकडे १९८७ मध्ये 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' सुरू झालं, ते प्राथमिक शाळांना निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा मिळावा म्हणून. 'ऑपरेशन डिजिटल बोर्ड' आलं २०१९ मध्ये. पण नुसता बोर्ड लावून भागत नाही. लंडनच्या सेकंडरी शाळांत असे बोर्ड बसवल्यावर जो अभ्यास झाला, त्याचा रिपोर्ट २००७ साली आला. पहिल्या वर्षात तरी मुलांचे मार्क वाढल्याचं त्यात दिसलं नाही. (माझे तर कमीच झाले!)

बरेच बोर्ड इन्फ्रारेडवर चालतात. चौकटीच्या एका बाजूला बारीक एलईडी, समोर रिसीव्हर. बोट किंवा पेन मध्ये आलं की आडवे-उभे किरण अडतात आणि त्यावरून जागा कळते. म्हणजे काय तर बोर्डाला पेन आणि ओढणी ह्यांतला फरक कळत नाही. मॅडमची ओढणी किंवा सरांची बाही टेकली की मध्येच रेघ उठते, त्यात बोर्ड बिघडलेला नसतो. चौकटीत धूळ साचली तरी तसंच होतं, कोरड्या कापडाने पुसायची. प्रोजेक्टरवाला बोर्ड असेल तर प्रोजेक्टर जरा हलला तरी पेन एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. अशा वेळी कॅलिब्रेशन करून घ्यायचं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि कृपा करून त्यावर साधा मार्कर चालवू नका. एकाने चालवला होता, पुढचा अर्धा तास तो आणि शिपाईकाका स्पिरिट घेऊन घासत होते.

आता मुद्द्याचं. एक साधं गणित घेऊ. ६ मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम, मध्यावर १२ किलोन्यूटनचा लोड. पहिल्या पानावर फक्त बीम, लोड आणि रिअ‍ॅक्शन्स, दोन्हीकडे ६-६. आता डस्टरला हात लावायचा नाही. पानाची कॉपी काढायची आणि त्या कॉपीवर शिअर फोर्सची आकृती काढायची. अधिक ६ वरून उणे ६, बरोबर लोडखाली. परत कॉपी, त्यावर बेंडिंग मोमेंटचा त्रिकोण, मध्यावर ६ गुणिले ३ म्हणजे १८ किलोन्यूटन-मीटर. झाली तीन पानं. आता लोड डाव्या टोकापासून २ मीटरवर सरकवा. रिअ‍ॅक्शन्स ८ आणि ४, मोमेंट १६. १ मीटरवर आणा, रिअ‍ॅक्शन्स १० आणि २, मोमेंट १०. पानं पटापट पुढेमागे केली की लोड टेकूकडे जाताना त्रिकोणाचं टोक त्याच्याबरोबर सरकतं आणि खाली येतं, हे डोळ्यांना दिसतं. मला फॉर्म्युला पाठ होता, पण हे 'दिसलं' केटीच्या अभ्यासात. तयार स्लाइडवर ही मजा नाही, कारण तिथे उत्तर आधीच येऊन बसलेलं असतं. सरांचा हात जेवढ्या वेगाने चालतो, तेवढाच आपलाही चालतो ना!

स्टाफसाठीही एक सुचवते, लहान तोंडी मोठा घास समजू नये. ए आणि बी डिव्हिजनला एकच विषय दोन जण शिकवतात. त्यांचा एक सामायिक बोर्ड असावा, दर टॉपिकला एक पान. कोपऱ्यात पिवळ्या चिठ्ठीवर काय शिकवून झालं, गुलाबी चिठ्ठीवर मुलं कुठे अडली. ए वाले साइन कन्व्हेन्शनमध्ये अडले हे बी च्या मॅडमना तासाआधीच कळेल. एडिटचे हक्क फक्त शिकवणाऱ्यांना, आम्हाला नुसतं बघायला द्या. (आमच्यावर विश्वास नको, मी सीआर आहे, मला माहीत आहे.) आणि आठवड्याला पीडीएफ काढून ठेवाच. गूगलचं जॅमबोर्ड किती जण वापरायचे! २०२३ मध्ये बंद करणार म्हणून सांगितलं, ऑक्टोबर २०२४ पासून त्यात नवीन काही लिहिता येईना आणि त्या डिसेंबरअखेर ते संपलंच. शिवाय होस्टेलचं नेट रात्री अकरानंतर कसं चालतं हे वेगळं सांगायला नको. फाइल मोबाइलमध्ये असेल तर निदान अभ्यास तरी होतो.

केटी सुटली. मग धीर करून सरांना केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. सर आधी हसले, मग म्हणाले, "अगं, मला वाटलं तुम्ही वहीत लिहिताय." तेव्हापासून ज्युनियर्सच्या वर्गात सर पान पुसत नाहीत. परवा त्यांची फाइल बघितली, एकोणीस पानं. पान सातवर सरांनी ८ च्या जागी ६ लिहून पुढे अख्खी आकृती चुकवली आहे. ते काढून टाकणार होते, पण मुलांनी ठेवायला लावलं. आठव्या पानावर त्याच आकृतीवर लाल गोल आहे आणि बाजूला सरांच्या अक्षरात लिहिलंय, 'इथे फसलो'.