खालून गेलेला चेंडू वर कसा येतो?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला आत्याकडे गेलो होतो. आत्येभावाने मॉलमध्ये बोलिंग खेळायला नेलं. चेंडू टाकला की तो लांब पडद्यामागे जाऊन पडतो आणि थोड्या वेळाने आपल्या शेजारच्या पेटीच्या तोंडातून घरघर करत वर येतो. खाली पंप आहे का? हवेने ढकलतात का? दादाचा चेंडू मला दोन्ही हातांनी उचलावा लागला, माझ्या बहिणीचा मात्र एकदम हलका होता. तरी दोन्ही त्याच तोंडातून सारखेच वर आले. हे कसं?
– इयत्ता नववीतील वाचक, भवानीनगर, ता. इंदापूर

उत्तर : पंप नाही आणि हवाही नाही. मागच्या बाजूला चेंडू उचलून उताराला लावतात आणि तुझ्याजवळ पोचला की पुन्हा एकदा उचलतात. मधला जवळजवळ सगळा प्रवास चेंडू स्वतःच करतो.

तुमच्या भावकीत मोट चालवलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांना हे सांगून बघ. त्यांना लगेच कळेल. मोटेचे बैल धावेवरून उताराने खाली जायचे, म्हणजे त्यांचं वजनही ओढायला कामी यायचं. मोट वर आली की थारोळ्यात रिकामी व्हायची. तिथून पुढे पाण्याला कुणी हात लावत नसे. पाट काढणाऱ्याने उतार नीट धरला असेल, तर पाणी आपसूक उसाच्या सरीत जायचं. सगळे कष्ट विहिरीच्या तोंडाशी. बोलिंगच्या चेंडूचंही असंच आहे, फक्त बैलांच्या जागी विजेची मोटर आणि पाटाच्या जागी जमिनीखालचे रूळ.

आता मागे काय होतं ते बघू. तू उभा राहतोस त्या रेषेपासून पहिल्या पिनपर्यंत 60 फूट अंतर असतं. पिनांच्या मागे लेन संपते आणि थोडा खड्डा लागतो. चेंडू पिना पाडून त्यात उतरतो आणि समोर लोंबणाऱ्या जाड गादीवर आपटून थांबतो. खड्ड्याच्या तळाशी सरकता पट्टा असतो. त्यावर चेंडू आणि पडलेल्या पिना एकत्रच मागे जातात. पिना एका मोठ्या फिरत्या चाकाच्या कप्प्यांत अडकून वर जातात आणि पुन्हा मांडल्या जातात. चेंडू जड आणि गोल, त्यामुळे तो उताराने बाजूच्या दाराकडे घरंगळतो. पिन जेमतेम दीड किलोची आणि लांबोडकी असते, ती सहसा या दारातून जात नाही. क्वचित एखादी घुसते आणि रुळावर आडवी पडते. मग मागून येणारे चेंडू तिच्यामागे रांग लावतात आणि मेकॅनिकला आत जावं लागतं.

दाराच्या पुढची रचना कंपनीगणिक बदलते. काही यंत्रांत चेंडू पट्ट्याने वर चढवून उतरत्या रुळावर सोडतात. काहींत वेगाने फिरणारा पट्टा त्याला पुढे झुगारतो. शेजारशेजारच्या दोन लेनना मिळून बहुधा परतीची एकच वाट असते, म्हणून तुझा आणि पलीकडच्या लेनवरच्या मंडळींचा चेंडू एकाच पेटीत येतो.

उताराची ताकद आपण कमी समजतो, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा 20 मीटर लांबीच्या रुळांना सगळा मिळून अर्ध्या मीटरचा उतार दिला. चेंडू जागेवरून सुटला आणि वाटेतलं घर्षण सोडून दिलं, तर शेवटी त्याचा वेग सेकंदाला साधारण अडीच मीटर होतो आणि पूर्ण वाट कापायला सुमारे 15 सेकंद लागतात. मागून झटका मिळाला तर आणखी कमी. आणि हा अर्धा मीटर मिळवायला खर्च किती? सर्वांत जड चेंडू 16 पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा. सात लिटर पाण्याची बादली जमिनीवरून मांडीपर्यंत उचलायला जेवढे श्रम पडतात, तेवढेच. बाकीची वाट फुकट.

तुमच्या भागाला हे नवीन नाही. वीरहून निघणारा नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली कित्येक गावं त्याच्या पाण्यावर बागायती झाली. कुठेही मोटर न लावता ते पाणी केवळ उताराने इतक्या लांब येतं. उलट बारामतीच्या जिरायती पट्ट्याकडे बघ. तिथली जमीन कालव्याच्या पाण्यापेक्षा उंच, म्हणून तिथे जनाई-शिरसाईसारखी उपसा योजना लागली. उजनीच्या फुगवट्याकाठचे शेतकरीही मोटर लावूनच पाणी वर घेतात. वर चढवायचं असेल तरच वीज लागते. बोलिंगच्या त्या पेटीत हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी आहेत.

आता तुझा खरा प्रश्न. रूळ येतात तुझ्या पायाखालून आणि चेंडू हवा कमरेच्या उंचीला. तो सरळ वर कसा चढतो?

पेटीच्या आत एका बाजूला वाकवलेले दोन दांडे असतात, जागेवर घट्ट बसवलेले. दुसऱ्या बाजूला वर सरकणारा रबरी पट्टा असतो किंवा फिरणारं रबरी चाक. दोन्हींमधलं अंतर चेंडूच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवतात. चेंडू आत शिरला की रबर त्याला दांड्यांवर दाबून धरतं आणि चेंडू दांड्यांवरून वर गडगडू लागतो. आकडा नाही, कप्पा नाही, चिमटा नाही. घर्षणाच्या जोरावर तो वर जातो.

हे घरी करून बघता येईल. टेबलावर गोल पेन्सिल ठेव, षटकोनी नको. तिच्यावर वही आडवी टेकव आणि वही हलके दाबत पुढे सरकव. वही चार बोटं पुढे गेली, तर पेन्सिल दोनच बोटं जाईल. टेबल जागचं हलत नाही, वही हलते आणि पेन्सिल दोघांच्या मधे गडगडत निम्म्या वेगाने जाते. टेबल म्हणजे ते दांडे, वही म्हणजे पट्टा. म्हणूनच चेंडू पेटीतून वर येताना पट्टा जोरात पळत असूनही चेंडू साधारण निम्म्याच वेगाने, गोल फिरत वर येतो. वर आल्यावरही तो थोडा वेळ स्वतःभोवती फिरत राहतो, ते तू पाहिलंच असशील.

जड आणि हलक्या चेंडूचं कोडं इथेच सुटतं. तुझ्या बहिणीचा सहा पौंडांचा असो नाहीतर दादाचा 16 पौंडांचा, बाहेरून दोन्ही जवळजवळ एकाच मापाचे असतात. व्यास साधारण साडेआठ इंच. फरक असतो तो पोटातल्या मालात. यंत्राला वजनाशी फारसं देणंघेणं नाही, मधल्या फटीत चेंडू घट्ट बसतो की नाही एवढंच त्याला हवं. कुणीतरी विचार करून मापं ठरवलेली दिसली की मला मनापासून आनंद होतो. एक माप सगळ्यांसाठी पक्कं केलं आणि चेंडू वर आणायचा अर्धा प्रश्न तिथेच मिटला.

भवानीनगरला राहतोस, म्हणजे छत्रपती कारखाना तुझ्या दारातच आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी जिथे मोळी टाकतात त्या गव्हाणीत ऊस वर कसा चढतो ते बघ. तिथे साखळीवर आडव्या पट्ट्या असतात आणि त्या उसाला रेटत वर नेतात. साखर तयार झाल्यावर चाळणीपर्यंत चढते ती साखळीला लावलेल्या बादल्यांतून. चेंडूला असं का करत नाहीत? ऊस दिवसरात्र सलग येतो, साखरही. चेंडू मात्र येईल तेव्हा येतो, कधी दोन एकामागोमाग, कधी पाच मिनिटांत एकही नाही. बादली नेमकी त्याच क्षणी खाली असेलच असं नाही. घर्षणाचा पट्टा सदैव तयार असतो, चेंडू आला की धरला. शिवाय बादलीच्या कडेने चेंडूवर ओरखडे पडले असते. गव्हाणीतल्या उसाला तर पुढे चिरडायचंच असतं.

घर्षणावर चालणाऱ्या यंत्राचा वैरी म्हणजे तेल. लेनच्या पुढच्या साधारण 40 फुटांवर मुद्दाम तेलाचा पातळ थर देतात, म्हणजे चेंडू आधी सरकतो आणि शेवटी वळतो. ते तेल चेंडूला लागतं आणि चेंडूकडून पट्ट्याला. एकदा पुण्यातल्या एका बोलिंग केंद्रात मला मागच्या बाजूला जायला मिळालं. तिथे आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं कान लावून ऐकावं लागतं. तेवढ्यात निरोप आला, पुढे चेंडू अडकलाय. मेकॅनिकसोबत मी पेटीपाशी आलो. आत चेंडू जागच्या जागी गरगरत होता आणि वर चढत नव्हता. त्याने आधी बटण बंद केलं, हाताने मोटर थांबल्याची खात्री केली आणि बॅटरीच्या उजेडात पट्टा दाखवला. काळसर, तुळतुळीत झालेला. सुक्या फडक्याने पुसून काढला, ताण तपासला, पुन्हा बटण दाबलं, आणि तोच चेंडू एका दमात वर आला. आपल्याकडच्या जुन्या गिरण्यांत पट्टा घसरला की त्याला राळ चोळायचे. इथे ते चालत नाही, ती राळ चेंडूला चिकटली असती. इथे पुसत राहणं हाच उपाय.

त्या पट्ट्याच्या जागी पूर्वी काय होतं, हे सांगितल्याशिवाय मला उत्तर संपवता येणार नाही. तिथे तुझ्याएवढी मुलं होती. यंत्रं येण्याआधी अमेरिकेत पिनांच्या मागे पोरं बसवत. चेंडू आला की उडणाऱ्या पिनांपासून पाय वर घ्यायचे, मग खाली उतरायचं, चेंडू उचलून उतरत्या रुळावर ठेवायचा आणि पिना हाताने उभ्या करायच्या. खेळ रात्री उशिरापर्यंत चाले, आणि हे कामही. लुईस हाइन हे छायाचित्रकार बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या समितीसाठी फोटो काढत फिरत. त्यांनी 1910 साली ब्रुकलिनमधल्या अशा मुलांचे फोटो काढले. ते चेहरे पाहिले तर विसरत नाहीत. पिना आपोआप मांडणारं यंत्र गॉटफ्रीड श्मिट यांनी बनवलं. ए.एम.एफ. कंपनीने ते 1946 मध्ये बफेलो शहरात लोकांना दाखवलं आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रत्यक्ष खेळाच्या ठिकाणी बसू लागलं. काही वर्षांत ब्रन्सविक कंपनीचंही यंत्र आलं. रूळ आणि उतार तेच राहिले. चेंडू उचलणारे हात मोकळे झाले.

तुला अशा गोष्टींची ओढ असेल, तर तुझ्याच तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची यंत्रं आणि मोठाली दंतचक्रं तिथे बनत आली आहेत. तुझ्या भागातल्या माणसांनी वजनदार वस्तू उचलायची आणि फिरवायची विद्या पिढ्यान्‌पिढ्या हाताळली आहे. कारखान्यातल्या एखाद्या फिटरकाकांना विचार, गव्हाणीची साखळी सैल झाली तर ते काय करतात. माझ्यापेक्षा जास्त शिकवतील.

प्रश्न : आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. बोलिंगला नेलं की त्या पेटीच्या तोंडात हात घालायला धावतो. त्यात काही धोका आहे की मी उगाच घाबरते?
– एक आई, बारामती

उत्तर : ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही. वर लिहिलेला पट्टा आणि दांडे चेंडूला धरतात तसे बोटांनाही धरतील, बाहीला धरतील, ओढणीला धरतील. रसवंतीच्या चरकात आणि मळणी यंत्रात आपल्या भागात हात गेले आहेत, तो प्रकार हाच. दोन पृष्ठभाग एकमेकांजवळ येत असतील आणि त्यातला एक फिरत असेल, तर तिथे बोट नेऊच नये. पेटीला झाकण असतं, पण चेंडू बाहेर येतो ते तोंड उघडंच असतं.

रोज घडणारा अपघात मात्र त्याहून साधा असतो. पेटीवर चेंडू ठेवलेले असतात आणि आतून नवा चेंडू येऊन त्यांना धडकतो. त्याच वेळी कुणाची बोटं दोन चेंडूंच्या मधे असतील, तर सात किलोचा दणका नखांवर बसतो. मुलाला एवढंच शिकवा : चेंडूच्या भोकांत बोटं पेटीवरच घालायची नाहीत. दोन्ही तळवे चेंडूच्या डाव्या-उजव्या बाजूंना लावायचे, नवा चेंडू ज्या दिशेने येतो त्या बाजूला नाही, आणि उचलून पोटाशी धरायचा. भोकांत बोटं घालायची ती पेटीपासून दोन पावलं लांब गेल्यावर. चेंडू अडकला तर तोंडात डोकावायचं नाही, काउंटरवरच्या दादाला हाक मारायची. पहिल्या खेपेला तुम्ही त्याच्या मागे उभ्या राहून त्याचे हात धरून दोन-तीन वेळा उचलून दाखवलंत, तर तो लगेच शिकेल.