गिटारच्या पोटातला फणस

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादक मंडळाला धरा! विषयही जरा विचित्रच आहे : इलेक्ट्रिक गिटारचा ट्रेमोलो बंद करायला कोणतं मटेरिअल वापरावं?

ज्यांनी गिटार आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. 1954 साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर आली, तिच्यातली ही यंत्रणा. (माझी सेकंडहँड गिटार म्हणजे तिचीच स्वस्तातली नक्कल.) तारा ज्या ब्रिजवर बसतात तो पक्का नसतो, तराजूसारखा टेकवलेला असतो. एका बाजूने सहा तारा ओढतात, मिळून साधारण 45 किलोंचा ताण. दुसऱ्या बाजूने पोटातल्या स्प्रिंगा ओढतात. दांडा दाबला की तोल ढळतो आणि सूर खाली जातो. खरं तर सूर हलवणं म्हणजे व्हायब्रॅटो, ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा करणं. पण नाव पडलं ते पडलंच. भानगड अशी की एक तार तुटली की सात-आठ किलो कमी होतात, स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात.

नेमकं हेच माझं मालवणला घरच्या गणपतीत झालं. आजोबा भजनात पेटी वाजवतात. यंदा नातीने साथ करायची असा त्यांचाच हट्ट होता. दुसऱ्याच गजराला टिणकन् तार तुटली आणि सगळं बेसूर. आजोबा एवढंच म्हणाले, "पेटी हलणा नाय गो बाय, तुझा वाद्य हलता." त्यांचं वय बघता 'पुढच्या वर्षी नीट वाजवीन' असं म्हणायलाही जीभ रेटेना.

उपाय सोपा आहे. ब्रिजखाली लोखंडी ठोकळा लोंबतो. तो आणि पोकळीची मागची भिंत यांच्यामध्ये तुकडा बसवायचा आणि स्प्रिंगा थोड्या ढिल्या करायच्या. मग तारा ठोकळ्याला तुकड्यावर दाबून धरतात. मशीन डिझाइनमधला बोल्टचा प्रीलोड आठवा. हा दाब शून्याच्या वर आहे तोवर एक तार गेली तरी ब्रिज जागचा हलत नाही. एरिक क्लॅप्टनसुद्धा आपला ट्रेमोलो लाकूड घालून बंद ठेवत असे.

पण तुकडा कशाचा? हॉस्टेलवर पहिला प्रयोग खोडरबराचा. हसू नका, हाताशी तेच होतं. एक तार ताणली की रबर दबायचं आणि बाकीच्या उतरायच्या. मग जुन्या प्लॅस्टिक कार्डांची चळत. पंधरा दिवस झकास, नंतर सैल. सतत भाराखाली प्लॅस्टिक हळूहळू दबत जातं, यालाच क्रीप म्हणतात, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते! वर्कशॉपमधला ॲल्युमिनिअमचा तुकडा ताठ होता, पण मालवणच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनिअम पोलादाला चिकटून ठेवलं की ते गंजणारच. शिवाय एवढ्या ताठपणाचा उपयोग काय? मागची भिंत लाकडाचीच, आणि साखळीत सर्वात मऊ कडीचं चालतं.

शेवटी फणसाचं लाकूड घेतलं. दक्षिणेत वीणा आणि मृदंगम् फणसाचेच करतात. फेब्रुवारीत इथे घाटावर 14 मिलिमीटरचा तुकडा घासून बसवला. छान! जूनमध्ये घरी गेले, पाऊस लागला, आणि गिटार पेटीपेक्षा चढी वाजू लागली. तारा पिळून सूर उतरवला तरी चार दिवसांनी परत तेच.

आमच्या वाडीत होड्या दुरुस्त करणारे सुतारकाका आहेत. त्यांनी तुकडा उलटासुलटा करून पाहिला. "आडवो घातलंस. लाकूड आडव्यान फुगता, उभ्यान फुगणा नाय." झालं, संपलं लेक्चर.

रूमवर परत आल्यावर गणित केलं. ओलावा 8 टक्क्यांनी वाढला तर 14 मिलिमीटर लाकूड रेषेला आडवं जवळजवळ पाव मिलिमीटर फुगतं. रेषेच्या दिशेने एक शतांश मिलिमीटरही नाही. तो पाव मिलिमीटर ठोकळ्याला पुढे ढकलतो, ब्रिज मागे झुकतो आणि साध्या पोलादी तारा साधारण 10 ते 25 सेंट चढतात. पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत 100 सेंट असतात, म्हणजे हा फरक कानाला टोचणारच. शिवाय रेषेच्या दिशेने लाकूड कितीतरी पट ताठ. गिटारच्या अंगाचीही रेषा मानेकडून बुडाकडेच जाते. म्हणजे तुकडा त्याच दिशेने बसवला की कोरून काढलेलं लाकूडच परत जागेवर ठेवल्यासारखं होतं.

असा तुकडा कापणं मात्र कटकटीचं. रेषा आखूड राहते, त्यामुळे पहिले दोन बिस्किटासारखे तुटले. रुंद ठेवला तेव्हा टिकला. शेवटी बारीक पॉलिश पेपरवर घासायचा, मापाला व्हर्निअर हवाच.

गेल्या गणपतीत पुन्हा तार तुटली. तीच, पहिली. बाकीच्या पाच जागच्या जागी. गजर चालू होता, आजोबांनी वर बघितलंही नाही.

फणसाचे उरलेले चार तुकडे माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. हवे असतील त्यांनी या, फक्त व्हर्निअर तुमचा आणा. माझा सबमिशनच्या आदल्या रात्री कोणीतरी नेलाय.