घरगुती मेणबत्ती व उन्हाळा

जयपूरच्या विद्याधर नगरात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो. पॅराफिन मेण साधारणतः ५० ते ६० अंशांस वितळत असले तरी त्याआधीच ते मऊ पडते; पत्र्याखाली ठेवलेली मेणबत्ती वाकते ती यामुळेच. म्हणून घरी हा उद्योग करणाऱ्याने अधिक वितळबिंदूचे मेण घ्यावे व त्यात थोडे स्टिअरिक आम्ल मिसळावे. फ्रान्समध्ये शेव्ह्रल व गे-ल्युसॅक यांनी १८२५ साली अशाच आम्लांच्या मेणबत्त्यांचे पेटंट घेतले होते. चरबीच्या मेणबत्त्यांहून त्या पुष्कळच कडक असत. मेण थेट विस्तवावर वितळवू नये. मेणाचे भांडे उकळत्या पाण्यात ठेवावे, म्हणजे तापमान १०० अंशांपलीकडे जात नाही. पेटलेल्या मेणावर पाणी ओतणे तर घातकच. पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन जळते मेण चहूकडे उडते. अशा वेळी शेगडी विझवून भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे.