आनंदाला औषध करू नकोस

चि. सई हिस,


तुझं पत्र मिळालं. घरी येणारा प्रत्येक जण "पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार मनानंच बरा होतो" असं सांगून जातो, असं तू लिहिलंस. त्यापुढचं मला जास्त लागलं. एखाद्या दिवशी रडू आलं की आपणच आपला आजार वाढवतोय, अशी तुला भीती वाटते. आणि गाणं ऐकावं, कोणाकडे जावं असं वाटलं तरी 'हे सगळं बरं झाल्यावर' म्हणून तू मन मारतेस. या दोन्ही गोष्टी तू सोडाव्यास, म्हणून हे लांबलचक पत्र. रोग बरा करण्याचं ओझं आनंदावर टाकू नकोस, आणि रोग बरा होईपर्यंत आनंद लांबणीवरही टाकू नकोस. एवढंच माझं म्हणणं आहे. ते कशाच्या आधारावर, ते सांगते.

मनाच्या बळावर कॅन्सर हटतो, या समजुतीला एके काळी शास्त्राचाही आधार मिळाल्यासारखं वाटलं होतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी 1989 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनांचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या 86 स्त्रिया त्यात होत्या. त्यांच्यातल्या ज्या दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करत, त्या बाकीच्यांच्या सरासरी जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. बातमी जगभर गेली. पण रुग्णांची संख्या लहान होती, म्हणून कॅनडात 235 स्त्रियांना घेऊन तसाच प्रयोग पुन्हा झाला. 2001 साली त्याचा निष्कर्ष आला: आयुष्य वाढलं नाही. पुढं 2007 मध्ये डोकं आणि मान या भागांच्या कॅन्सरच्या 1,093 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. मनानं कोण किती उभारीत होतं, यावरून कोण किती जगेल याचा काहीच अंदाज बांधता आला नाही. म्हणजे तुझ्या रडण्यानं गाठ वाढत नाही. हे पक्कं ध्यानात ठेव आणि रडू आलं तर खुशाल रड. मात्र कॅनडाच्या त्या अभ्यासाचा उरलेला अर्धा भागही महत्त्वाचा आहे. एकत्र बसणाऱ्या स्त्रियांचं आयुष्य वाढलं नाही, पण त्यांची मनाची तगमग कमी झाली आणि दुखणंही कमी जाणवलं. आधीपासून जास्त खचलेल्या बायकांना तर हा फायदा विशेष झाला. मन हलकं झाल्याचं फळ त्यांना त्या त्या दिवशीच मिळालं.

यावर तू म्हणशील, आयुष्य वाढणार नसेल तर मग आनंदाचा उपयोग काय? पण सई, निरोगी माणूस संध्याकाळी गच्चीवर जातो, तेव्हा तो आयुष्य किती वाढलं याचा हिशेब मागतो का? आजारी माणसाकडूनच आपण हा हिशेब का मागावा? उपचार कशासाठी घ्यायचे, तर जगायला दिवस मिळावेत म्हणून. मग उपचारांचे दिवस त्यातून वगळायचे कसे? तुझी केमो महिनोन् महिने चालेल, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर त्या पाच वर्षं, काही जणींना दहा वर्षंही घ्याव्या लागतात. तपासण्या तर चालूच राहतात. 'आता सगळं संपलं, आता जग' अशी एक ठरलेली तारीख या आजारात फारशी येतच नाही. तिची वाट बघत बसलीस, तर तुझ्या हातातली वर्षं रांगेत उभं राहण्यातच जातील.

आता हे करायचं कसं, ते नेमकं सांगते, कारण नुसतं 'आनंदी राहा' म्हणणारे तुला पुष्कळ भेटलेत. तुझी केमोची सायकल 21 दिवसांची आहे. केमोचं औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. तोंडाच्या, आतड्याच्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच, म्हणून त्याही भाजून निघतात. त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून दोन डोसांमध्ये हे अंतर ठेवतात. पहिले काही दिवस मळमळ आणि थकवा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट सर्वांत खाली. तेव्हा गर्दी नको, कच्ची कोशिंबीर नको, बाहेरचं खाणं नको. आणि ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. तिसऱ्या आठवड्यात बहुतेकींना तरतरी येते, जिभेलाही थोडी चव येते. तो आठवडा तुझा. मैत्रिणीला बोलवायचं असेल, दुपारच्या खेळाला नाटक बघायचं असेल, तर डॉक्टरांना विचारून ते याच आठवड्यात ठरव. बाकीच्या दिवसांत लहान गोष्टी पुरतात. स्टीलच्या चमच्यानं सगळं धातूसारखं लागत असेल तर लाकडी चमचा घे. तोंड आलेलं नसेल तर आमसुलाचं सार, आलेलं असेल तर गार करून मऊ भात, मेतकूट आणि साजूक तूप. चार घास चवीनं पोटात गेले, तर तो दिवस वाया गेला असं समजू नकोस.

दुखत असताना, उलट्या होत असताना कसला आलाय आनंद, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याला धीराचे शब्द हे उत्तर नाही. त्याला उत्तर उपचारांचं. आपल्या घरांत बाई सोसते याचं कौतुक फार होतं. या आजारात ते सोसणं महागात पडतं. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात केमो घेणाऱ्या 766 रुग्णांवर प्रयोग झाला. काहींनी आपला त्रास कॉम्प्युटरवर नियमित नोंदवला आणि तो वाढला की नर्सला लगेच कळत होतं. बाकीच्यांची विचारपूस नेहमीसारखी चालू होती. 2017 मध्ये निष्कर्ष आला. नोंदवणाऱ्या गटाला इमर्जन्सीत कमी वेळा धावावं लागलं, आणि त्यांच्यातले निम्मे सुमारे 31 महिन्यांहून जास्त जगले. दुसऱ्या गटात हा आकडा 26 महिने होता. उभारी धरून जे साधलं नाही, ते वेळेवर तक्रार करून साधलं. म्हणून एक वही कर. मळमळ, जुलाब, झोप, दुखणं रोज लिही आणि भेटीच्या वेळी डॉक्टरांपुढं ठेव. उदासीचंही तसंच. दोन आठवडे कशातच मन रमलं नाही, तर तेही त्याच वहीत लिही. त्यावरही औषध आहे, आणि ते मागण्यात कमीपणा नाही.

राहिला घरच्यांचा प्रश्न. सगळे माझ्यासाठी राबतायत, पैसा जातोय, आणि मी सिनेमा बघत बसू, असं तू लिहिलंस. त्यावर एक उदाहरण सांगते. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात 1941 पासून देशभरातून माणसं येतात, आणि त्यांतली कित्येक पैशांनी तुझ्याहून कितीतरी ओढगस्तीत असतात. तिथं उपचार घेणाऱ्या मुलांसाठी 2006 मध्ये सेंट ज्यूड्स ही संस्था उभी राहिली. राहायची सोय तर तिनं केलीच, पण प्रत्येक आईला आपल्या पद्धतीचं रांधता यावं अशी जागा दिली. मुलांच्या शिक्षणाची, खेळण्याची व्यवस्था केली. गरज एवढी मोठी असताना खेळावर खर्च कशाला, असं त्यांनी म्हटलं नाही. कारण रोज तेच उपचार सोसणाऱ्या घराला काहीतरी रोजचं, आपलं असं लागतं. ते नसलं की उपचारच नकोसे होतात. तुझ्या आईलाही तुझ्या उशाशी बसून फक्त रिपोर्ट वाचायला नको आहेत. तू हसलीस तर तिच्या कष्टांचा अपमान होत नाही, तिला त्यांचं मोल मिळतं. आणि लोक काय म्हणतील याचं उत्तर अगदी छोटं आहे: केमो तुझ्या शिरेतून जाते, त्यांच्या नाही.

औषध वेळेवर घे, तपासणी चुकवू नकोस, डॉक्टर सांगतील ते पथ्य पाळ. रोगाचं काम त्यांच्यावर सोड. आनंदाकडून तू फक्त आनंदच माग, तेवढा तो देतो. आता एक कर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या डोसाची तारीख तू लाल शाईनं लिहिलीच असशील. तिच्यापासून पंधरा दिवस पुढं मोज आणि त्या आठवड्यात एक बेत ठरवून तोही तिथंच लिही. तो बेत काय आहे, ते मला उलट टपाली कळव.

तुझी,
मावशी