कोयनेशेजारच्या इमारतीचा कार्बन हिशेब

पाटण तालुक्यात विजेचा विषय निघाला की माणसाचा आवाज चढतोच, आणि त्याला कारण आहे. कोयना धरण आमच्याकडे, धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली घरं-शेतं गेली ती आमच्या माणसांची, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप सोसला तो आम्ही. वनकुसवड्याच्या पठारावर फिरतात त्या पवनचक्क्याही याच तालुक्यातल्या. त्यामुळे आमच्या संस्थेच्या इमारतीचा कार्बन उत्सर्जनाचा अहवाल आला आणि त्यात विजेपुढे शून्य लिहिलेलं दिसलं, तेव्हा विश्वस्तांपैकी कोणालाच ते खटकलं नाही. ‘स्थानिक वीज पाण्याची आणि वाऱ्याची आहे,’ असं कारण खाली दिलेलं होतं. देणगीदार कंपनीच्या तपासनिसाने तो अहवाल परत पाठवला आणि छतावरच्या सौर पॅनेलचा निधी त्या वर्षी हुकला. नंतर तो हिशेब माझ्याकडे आला. शाळा, वसतिगृह, पतसंस्था, मंगल कार्यालय चालवणाऱ्यांवर आज ना उद्या हीच वेळ येणार आहे, म्हणून जे समजलं ते मांडतो.

सगळ्यात आधी कोयनेचं. धरणातलं वीजनिर्मितीचं बहुतेक पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलेलं आहे. ते पोफळीच्या बाजूला कोकणात उतरतं, आणि तिथे तयार झालेली वीज अतिउच्चदाब वाहिन्यांवरून राज्याच्या ग्रीडमध्ये जाते. प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॉटच्या आसपास आहे. पण पाण्याचा कोटा पाणीवाटपाच्या लवादाने बांधून दिलेला असल्यामुळे ही जनित्रं मुख्यतः मागणी चढते तेव्हा चालवतात. बाकीच्या वेळचा मोठा भार कोळशावरच्या केंद्रांवर असतो. त्यात 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि देशभराचं ग्रीड एक झालं. हा सामाईक हौद आहे. त्यात कोयनेचं पाणी पडतं तसंच चंद्रपूरच्या कोळशाचंही, आणि आपल्या तोटीला कोणतं आलं हे वेगळं काढता येत नाही.

म्हणून हिशेबाला देशाची सरासरी लावतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण ती दर वर्षी जाहीर करतं. अलीकडच्या वर्षांत ती युनिटमागे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइडच्या थोडी वरच राहिली आहे. महिन्याला 1,000 युनिट वापरणारी इमारत म्हणजे महिन्याला 700 किलोंहून जास्त. मग ती पाटणला असो की परभणीला. ज्या वर्षाचा वापर, त्याच वर्षाचा आकडा घ्यावा आणि तो कुठून घेतला ते अहवालात लिहावं. तपासनीस पहिल्यांदा तेच बघतो.

पवनचक्क्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. वाऱ्याच्या विजेचा हरितपणा वेगळा विकता येतो, प्रमाणपत्र म्हणून किंवा कार्बन क्रेडिट म्हणून. तो एकदा दुसऱ्या कोणी विकत घेतला की पठाराच्या पायथ्याला राहतो म्हणून आपण त्यावर हक्क सांगू शकत नाही. तसा सांगितला तर एकच बचत दोन वह्यांत चढते. हरित वीज दाखवायचीच असेल तर महावितरणकडून ज्यादा दर देऊन ती रीतसर मागता येते. तशी घेतली तर ती वेगळ्या ओळीत दाखवावी आणि ग्रीडच्या सरासरीचा आकडाही शेजारी ठेवावा.

आता वीजबिल. रकमेवरून उलटं गणित करून युनिट काढू नका. बिलात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन असतं, थकबाकी असते, आणि यातल्या कशाचाच धुराशी सरळ संबंध नाही. चालू आणि मागील रीडिंगच्या शेजारी ‘गुणक अवयव’ नावाचा रकाना आहे, त्याकडे नीट बघा. घरगुती बिलावर तिथे 1 असतो, म्हणून डोळ्यांना सवयच नसते. मोठ्या जोडणीला सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) मीटर असेल तर तिथे 20 असू शकतो. रीडिंगमधला फरक 150 आणि गुणक 20, म्हणजे वापर 3,000 युनिट. सुट्टीत इमारतीला कुलूप असेल तर बिल सरासरीने येतं, पुढच्या महिन्यात दुरुस्त होतं. त्यामुळे एकेक महिना न धरता पूर्ण बारा महिने एकत्र घ्यावेत.

छतावर सौर असेल तर निव्वळ युनिट उचलू नका. ग्रीडमधून घेतलेली युनिटं वेगळी आणि ग्रीडला दिलेली वेगळी अशी दोन्ही नोंदवा. उन्हातली जी वीज तिथल्या तिथे वापरली ती बिलावर येतच नाही, म्हणजे ती आधीच वजा झालेली असते. तिला पुन्हा वजा केलं की हिशेब फसला.

डिझेलबद्दल आमच्याकडे सगळ्यांत जास्त वाद झाला. पावसाळ्यात तारांवर झाड पडतं, वीज जाते आणि जनरेटर तासन्‌तास चालतो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरचं वजनच किलोपेक्षा कमी, मग अडीच किलोंहून जास्त निघतं कुठून, असं विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. जळताना इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन जोडला जातो. 12 ग्रॅम कार्बनचे 44 ग्रॅम होतात. गॅसचंही तसंच. 19 किलोंच्या व्यावसायिक सिलिंडरमागे साधारण 57 किलो. डिझेल कॅनमध्ये रोखीने आणलं जातं आणि पावती बहुधा हरवते, म्हणून जनरेटरजवळ एक वही बांधून ठेवा. तारीख, लिटर, सही, एवढं पुरतं.

वसतिगृहात बंबाला लाकूड लागत असेल तर तेही लिहावं, पण वेगळं. लाकडातला कार्बन डायऑक्साइड स्वतंत्र दाखवायची पद्धत आहे. मिथेन मात्र बेरजेत येतो.

राहता राहिला एसी, आणि त्याची नोंद जवळपास कोणीच ठेवत नाही. तो वीज खातो ती मीटरवर येते, पण त्यातून गळणारा वायू कुठेच येत नाही. जुन्या यंत्रांतला आर-22 एक किलो गळला तर उष्णता अडवण्यात तो सुमारे 1,800 किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, म्हणजे अडीच हजार युनिट विजेइतका. आर-410ए त्याहून जड, सुमारे 2,100. आर-32 बराच हलका, 675 च्या आसपास. दर उन्हाळ्यात मेकॅनिक येतो, ‘गॅस भरला’ एवढंच बिलावर लिहितो आणि जातो. गॅस संपत नसतो, तो गळतो. जेवढा भरावा लागला तेवढा आधी हवेत गेलेला असतो. आमच्या संस्थेत आता वायूचं नाव आणि भरलेलं वजन लिहिल्याशिवाय ते बिल मंजूर होत नाही, आणि गळती शोधून बुजवल्याशिवाय नवा गॅस भरू देत नाही.